मायक्रोगॉसची वही

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असते. होकायंत्राची सुई फिरायला तेवढे पुरते. आपल्या आकाशगंगेत, सूर्याच्या शेजारपाजारच्या अवकाशात, हे क्षेत्र साधारण ६ मायक्रोगॉस भरते. मायक्रोगॉस हा गॉसचा दहा लाखावा भाग, तेव्हा होकायंत्राला जे क्षेत्र जाणवते त्याच्या ऐंशी हजाराव्या हिश्शाइतके हे क्षीण.

मग त्याची एवढी पत्रास का ठेवायची? कारण हिशेब ऊर्जेचा करायचा असतो. ताऱ्यांमधली जागा फार विरळ आहे. तिथल्या वायूच्या खळबळीची, विश्वकिरणांची (जवळजवळ प्रकाशवेगाने धावणाऱ्या कणांची) आणि चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा वेगवेगळी मोजली, तर तिन्ही आकडे जवळजवळ येतात: दर घनसेंटिमीटरला एक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आगेमागे. वायूचा ढग आकसून त्याचा तारा होणार की नाही, विश्वकिरण दीर्घिकेत किती काळ अडकून राहणार, वायू चकतीबाहेर किती उसळणार, या सगळ्या प्रश्नांत चुंबकीय क्षेत्राचा वाटा बरोबरीचा आहे.

＊

चुंबकीय क्षेत्र स्वतः प्रकाश देत नाही. त्याचा ठाव लागतो तो दुसऱ्यांवर झालेल्या परिणामांतून: धुळीचे कण कसे रांगेत उभे राहिले, इलेक्ट्रॉन कसे वळले, वाटेत रेडिओ लहरीच्या कंपनाचे प्रतल किती फिरले, हायड्रोजनची रेषा किती दुभंगली. या चार वाटा. प्रत्येक वाटेने क्षेत्राचा काही अंश हाती येतो आणि काही निसटतो. कुठल्या वाटेने काय निसटते, याची नोंद एका जागी असावी म्हणून ही टिपणे.

＊

१९४६ साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या गणितातून एक भाकीत निघाले. तप्त ताऱ्यांच्या कडेचा प्रकाश इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला असतो, त्यामुळे तो ध्रुवित असावा. त्याची कंपने एका दिशेत अधिक असावीत. एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या जोडताऱ्यांत हा परिणाम शोधायला विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल निघाले. ध्रुवीकरण सापडले, पण ग्रहण नसतानाही ते तसेच होते. धुळीमुळे लालसर दिसणाऱ्या दूरच्या ताऱ्यांत ते जास्त भरत होते, आणि आकाशात शेजारी असलेल्या ताऱ्यांत त्याची दिशा सारखी होती. कारण ताऱ्यात नव्हते, वाटेत होते. १९४९ साली दोघांनी आपापले निष्कर्ष वेगवेगळे प्रसिद्ध केले.

दोन वर्षांनी लेव्हरेट डेव्हिस आणि जेसी ग्रीनस्टीन यांनी उलगडा केला. लांबट धूलिकण चुंबकीय क्षेत्राला धरून विशिष्ट रीतीने उभे राहतात आणि ताऱ्याच्या प्रकाशातली एका दिशेची कंपने जास्त शोषून घेतात. ताऱ्यांच्या कडा तपासायला निघालेल्या दुर्बिणींना आकाशगंगेचे चुंबकीय क्षेत्र सापडले.

＊

१९५२-५३ च्या सुमारास शिकागो विद्यापीठात चंद्रशेखर आणि एन्रिको फर्मी नियमित भेटून खगोलभौतिकीतले प्रश्न चर्चेला घेत. त्यातून निघालेल्या १९५३ च्या निबंधातली कल्पना मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते. क्षेत्र बलवान असेल, तर वायूची खळबळ त्याला फारसे वाकवू शकणार नाही, आणि ताऱ्यांच्या प्रकाशाच्या ध्रुवणदिशा जवळजवळ एकसारख्या राहतील. क्षेत्र दुबळे असेल, तर त्या विस्कटतील. तेव्हा दिशा किती विस्कटल्या आहेत ते मोजा, वायूची घनता आणि खळबळीचा वेग घाला, क्षेत्राचे मूल्य मिळते. त्यांचे उत्तर होते सुमारे ७ मायक्रोगॉस. सत्तर वर्षांची निरीक्षणे जमेस धरून आज आपण ६ म्हणतो.

ही पद्धत आजही चंद्रशेखर-फर्मी पद्धत म्हणूनच चालते. गुणक थोडे सुधारले आहेत, इतकेच. तिच्यातून निसटतो तो दृष्टिरेषेवरचा अंश, म्हणजे थेट आपल्याकडे येणारे किंवा आपल्यापासून दूर जाणारे क्षेत्र.

＊

कार्ल जान्स्की यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाशगंगेकडून येणारी रेडिओ खरखर पकडली. ग्रोट रेबर यांनी इलिनॉयमधल्या व्हीटन गावी स्वतः बांधलेल्या तबकडीने तिचे नकाशे काढले. पण ती खरखर कशाची? नुसत्या तप्त वायूची असती, तर वारंवारता कमी करत नेल्यावर ती एवढी वाढायला नको होती. १९५० च्या आसपास कीपेनहॉयर, आल्व्हेन, हर्लोफसन, गिन्झबर्ग यांनी उत्तर मांडले: जवळजवळ प्रकाशवेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेताना हे प्रारण सोडतात. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतल्या सिंक्रोट्रॉन यंत्रात १९४७ साली ते साध्या डोळ्यांना दिसले होते, म्हणून ते सिंक्रोट्रॉन प्रारण.

या इलेक्ट्रॉनांना वेग देतात मुख्यतः अतिनवताऱ्यांच्या स्फोटातून पसरणारे धक्के. म्हणजे दीर्घिकेचा रेडिओ नकाशा पाहताना आपण एकाच वेळी दोन गोष्टी पाहत असतो, मेलेल्या ताऱ्यांनी उधळलेले इलेक्ट्रॉन आणि त्यांना वळवणारे क्षेत्र. दोन्ही एकाच तेजात मिसळलेल्या.

＊

ही मिसळण सोडवायची कशी? एखाद्या जागी तेज जास्त दिसले, तर तिथे क्षेत्र जास्त की इलेक्ट्रॉन जास्त? इथे एक गृहीतक कामाला येते: विश्वकिरणांची आणि क्षेत्राची ऊर्जा समसमान धरा. त्याच्या जोडीला, विश्वकिरणांतले प्रोटॉन इलेक्ट्रॉनांच्या शंभरपट आहेत असेही धरावे लागते. पहिल्यांदा ऐकताना हे फार सैल वाटते. पण या सूत्रात क्षेत्र तेजाच्या जवळजवळ चौथ्या मुळाने बदलते. तेजाच्या अंदाजात दुपटीची चूक झाली, तरी क्षेत्राच्या उत्तरात फरक पडतो तो वीसएक टक्क्यांचा.

या मार्गाने सर्पिल दीर्घिकांचे सरासरी क्षेत्र ९-१० मायक्रोगॉस निघते. एम ५१ या दीर्घिकेच्या भुजांत २० ते ३०. ताऱ्यांची जोरदार निर्मिती चाललेल्या एम ८२ च्या मध्यभागी ५० च्या वर. गृहीतक कुठे लंगडे पडते तेही लिहून ठेवायला हवे: छोट्या अंतरांवर, कारण इलेक्ट्रॉन जन्मस्थानापासून दूर निघून गेलेले असतात, आणि जिथे ते फार झपाट्याने ऊर्जा गमावतात अशा दीर्घिकांत.

＊

सप्तर्षींच्या ओळीतला शेवटचा तारा मरीची. त्याच्याजवळ, शामशबल तारकासमूहात, एम ५१ ही दीर्घिका आहे. अंतर अडीच-तीन कोटी प्रकाशवर्षे. तिची चकती आपल्याकडे तोंड करून असल्याने भुजा स्वच्छ दिसतात. १९७२ साली नेदरलंड्समधल्या वेस्टरबोर्क दुर्बिणीवर मॅथ्यूसन, व्हान डर क्रुइट आणि ब्राउ यांनी तिच्यातले रेडिओ ध्रुवीकरण मोजले. आकाशगंगेबाहेरच्या एखाद्या सर्पिल दीर्घिकेचे क्षेत्र असे टिपले गेले ते पहिल्यांदा. क्षेत्राच्या दिशा भुजांना धरून वळत होत्या.

त्याच वर्षी जर्मनीत एफेल्सबर्गची १०० मीटर व्यासाची तबकडी काम करू लागली. बॉनच्या माक्स प्लांक संस्थेत रिचर्ड विलेबिन्स्की, राइनर बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची कित्येक दशके एकेक दीर्घिका घेऊन तिचे क्षेत्र उतरवून काढले. या विषयातले आपले बरेचसे ज्ञान या चिकाटीचे फळ आहे.

＊

ध्रुवीकरणाच्या रेषांना बाण नसतात. नकाशात रस्ता दिसावा, पण त्यावरची वाहतूक कुठल्या दिशेने चालली आहे ते कळू नये, तशी ही गत. क्षेत्र लांबवर एकाच दिशेने सलग गेले आहे, की शेजारशेजारच्या पट्ट्यांत उलटसुलट आहे, हे यातून कळत नाही. दोन्हींत ध्रुवीकरण सारखेच दिसते. आणि दीर्घिकेचे क्षेत्र कसे जन्मले हे ठरवायला नेमका हाच फरक कळावा लागतो.

＊

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १३ सप्टेंबर १८४५ रोजी मायकेल फॅरडे यांनी शिसे घातलेल्या जड काचेच्या ठोकळ्यातून ध्रुवित प्रकाश सोडला आणि विद्युतचुंबक चालू केला. प्रकाशाच्या कंपनाचे प्रतल किंचित फिरले. ती काच त्यांनी स्वतःच पंधराएक वर्षांपूर्वी, दुर्बिणींसाठी चांगली काच करण्याच्या खटपटीत, बनवली होती. प्रकाशाचा चुंबकत्वाशी संबंध आहे, याचा पहिला प्रायोगिक पुरावा तो.

दीर्घिकेत जड काचेच्या जागी विरळ आयनीभूत वायू असतो. दर शंभर घनसेंटिमीटरमागे दोन-तीन इलेक्ट्रॉन. पण लहर त्यातून हजारो प्रकाशवर्षे येते, त्यामुळे फिरणे मोजण्याजोगे होते. शिवाय त्याला चिन्ह असते: क्षेत्र आपल्याकडे येत असेल तर प्रतल एका बाजूने फिरते, दूर जात असेल तर दुसऱ्या. हरवलेला बाण इथे सापडतो. १९६२ साली ऑस्ट्रेलियातल्या नव्या पार्क्स दुर्बिणीवर कूपर आणि प्राइस यांनी नरतुरंगातल्या सेंटॉरस ए या स्रोताकडून आलेल्या लहरींत हे फिरणे ओळखले.

फॅरडे परिणामातून निसटतो तो आडवा अंश. त्यात फक्त दृष्टिरेषेवरचे क्षेत्र भाग घेते. सिंक्रोट्रॉन प्रारण दृष्टिरेषेला काटकोनातले क्षेत्र दाखवते. एकाने सोडलेले दुसऱ्याला मिळते, म्हणून दोन्ही मोजमापे एकाच दीर्घिकेची असली पाहिजेत.

＊

फॅरडेचे फिरणे तरंगलांबीच्या वर्गाने वाढते. आकडे घालून पाहिले की याचा अर्थ नीट समजतो. एखाद्या दिशेला फिरण्याचे माप दर चौरस मीटरला ५० रेडियन धरू. दीर्घिकांत असे आकडे नेहमीचे आहेत.

६ सेंटिमीटर तरंगलांबीला: १० अंश.
२० सेंटिमीटरला: ११५ अंश.
९० सेंटिमीटरला: सहा पूर्ण फेऱ्यांहून जास्त.

म्हणून दीर्घिकेच्या क्षेत्राच्या दिशा पाहायच्या तर ६ सेंटिमीटरच्या आसपास जावे. तिथे रेषा फारशा ढळत नाहीत. लांब तरंगलांबीला फिरणे इतके असते की पुढच्या थरातली आणि मागच्या थरातली कंपने एकमेकांना पुसून टाकतात. पण क्षीण क्षेत्र किंवा विरळ वायू असेल, तर लांब तरंगलांबीच ते पकडू शकते. आखूड तरंगलांबीला तो कोन मोजण्याइतका भरतच नाही.

आणखी एक पेच. कोन मोजला तरी मधे किती पूर्ण फेऱ्या झाल्या ते कसे कळणार? १९६६ साली बर्न यांनी आणि २००५ साली ब्रेन्टयेन्स व दे ब्रुइन यांनी यावरचे गणित मांडले. शेकडो लगतच्या वारंवारतांवर एकदम मोजणी केली, की फेऱ्यांचा घोळ सुटतो आणि एकाच दिशेला पुढेमागे असलेले वेगवेगळे थर निराळे करता येतात. रुंद पट्ट्यातल्या दुर्बिणी आल्यावर हे गणित रोजच्या वापरात आले.

＊

स्पंदकांची, म्हणजे ठरावीक ठेक्याने रेडिओ ठोके पाठवणाऱ्या ताऱ्यांची, मदत वेगळी. स्पंदकाचा ठोका कमी वारंवारतेला थोडा उशिरा पोचतो, आणि त्या उशिरावरून वाटेत एकूण इलेक्ट्रॉन किती ते कळते. त्याच ठोक्याच्या ध्रुवीकरणाचे फिरणे इलेक्ट्रॉन आणि क्षेत्र यांच्या गुणाकारावर अवलंबून. एकाला दुसऱ्याने भागले, की वाटेवरचे सरासरी क्षेत्र हातात. अंतर ठाऊक असायचीही गरज नाही. स्पंदक १९६७ साली सापडले आणि वर्षभरात त्यांचा असा उपयोग सुरू झाला. सूर्याच्या परिसरात सलग, एका दिशेचे क्षेत्र सुमारे २ मायक्रोगॉस आहे, हे त्यांनीच सांगितले. एकूण ६ आणि सलग २: उरलेले विस्कटलेले, जागोजागी दिशा बदलणारे आहे.

＊

चौथी वाट झीमन परिणामाची. चुंबकीय क्षेत्रात अणूची वर्णरेषा दुभंगते, हे पीटर झीमन यांनी १८९६ साली दाखवले. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा १४२० मेगाहर्ट्झला येते. क्षेत्र १ मायक्रोगॉस असेल तर तिचे दोन भाग एकमेकांपासून २.८ हर्ट्झ सरकतात. आणि वायूच्या हालचालीने ती रेषा स्वतःच हजारो हर्ट्झ रुंद झालेली असते. १९५७ साली बोल्टन आणि वाइल्ड यांनी ही मोजणी सुचवली, पण ती साधायला १९६८ उजाडले. गेरिट व्हर्शूर यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक येथे, शर्मिष्ठेतल्या कॅसिओपिया ए या स्रोतासमोरच्या वायूत हा फरक टिपला.

या वाटेने कुठलेही गृहीतक न धरता दृष्टिरेषेवरचे क्षेत्र थेट मिळते. म्हणून तिचे मोल मोठे. पण ती चालते ती गार, दाट ढगांत. सगळ्या दीर्घिकेचा नकाशा तिने काढता येत नाही.

＊

आता भारतातल्या रेडिओ दुर्बिणींकडे. १९६५ साली कल्याणजवळ १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या उभ्या राहिल्या. सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथून ऑस्ट्रेलियाने त्या भारताला दिल्या होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी तरुणपणी तिथेच काम केले होते. कल्याणच्या तबकड्यांनी सूर्य पाहिला. १९७० साली उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. आणि मग जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळच्या खोडदला, जीएमआरटी: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, १४ मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर, एकूण पसारा २५ किलोमीटरचा.

एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर खर्च झेपला नसता. मीटरभर तरंगलांबीच्या लहरींना जाळी आणि पत्रा सारखेच. म्हणून स्वरूप यांनी पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी वापरली. वारा आरपार जातो, वजन उतरते, आधाराचा सांगाडा हलका होतो. स्वरूप २०२० साली पुण्यात वारले. दर विज्ञानदिनाच्या सुमारास गावोगावची शाळकरी मुले आपापले प्रयोग घेऊन खोडदला जमतात, हेही त्यांच्याच परंपरेतले काम आहे.

＊

जीएमआरटीने दीर्घिकांच्या चुंबकत्वात काय भर घातली? अरित्र बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच जवळच्या दीर्घिका ३३३ मेगाहर्ट्झला, म्हणजे ९० सेंटिमीटरला, पाहिल्या: एनजीसी १०९७, ४७३६, ५०५५, ५२३६ आणि ६९४६. हे निष्कर्ष २०१२ पासून प्रसिद्ध होऊ लागले. एवढ्या कमी वारंवारतेला तप्त वायूचा वाटा जवळजवळ नाहीसा होतो आणि उरते ते सिंक्रोट्रॉन. क्षेत्राचा अंदाज त्यामुळे जास्त निर्मळ होतो. क्षेत्र केंद्राजवळ सर्वाधिक असते आणि कडेकडे सावकाश ओसरते.

दुसरा लाभ इलेक्ट्रॉनांच्या आयुष्याचा. ५ मायक्रोगॉसच्या क्षेत्रात ३३३ मेगाहर्ट्झला चमकणारा इलेक्ट्रॉन सुमारे २ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचा. या प्रारणापायी त्याची ऊर्जा संपायला सोळा-सतरा कोटी वर्षे लागतात. ५,००० मेगाहर्ट्झला चमकणारा चौपट ऊर्जेचा, पण चार कोटी वर्षांत संपतो. कमी वारंवारतेला दिसणारे इलेक्ट्रॉन जुने असतात, जन्मस्थानापासून लांबवर गेलेले. भुजांच्या मधल्या आणि कडेच्या जागेतले क्षेत्र त्यांच्यामुळे उजेडात येते.

＊

खोडदची जागा निवडताना आयनांबराचाही विचार झाला. पृथ्वीभोवतीचा हा विद्युतभारित थर चुंबकीय विषुववृत्ताजवळ फार अस्थिर असतो. त्यापासून पुरेसे उत्तरेला, पण दक्षिण आकाशही बरेच दिसेल असे ठिकाण हवे होते. भोवतीच्या डोंगरांनी शहरांचा रेडिओ गोंगाट अडवावा, हेही हवे होते. आयनांबर स्वतःही ध्रुवीकरण फिरवते, दिवसा जास्त आणि रात्री कमी. दूरच्या दीर्घिकेचे क्षेत्र मोजायचे तर आधी डोक्यावरच्या या थराचा हिस्सा वजा करावा लागतो.

गोंगाट मात्र वाढतोच आहे. मोबाइल मनोरे, वाहने, विजेच्या तारांतल्या ठिणग्या. नाशिक-पुणे रेल्वेच्या आखणीत जीएमआरटीचा प्रश्न आडवा आला, तेव्हा जुन्नर भागातल्या लोकांना रेल्वे हवी होती आणि दुर्बिणीला शांतता. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. माझे मत असे की रेल्वेला दुसरी वाट काढता येते; मीटर तरंगलांबीच्या एवढ्या मोठ्या दुर्बिणीला दुसरे खोडद लगेच मिळत नाही. पण तिथल्या माणसांना रस्ते, रोजगार आणि दळणवळण देण्याची जबाबदारी मग आपल्या सगळ्यांची ठरते.

＊

दोन दीर्घिका, दोन स्वभाव.

देवयानी, २५ लाख प्रकाशवर्षांवरची: तिचे क्षेत्र केंद्रापासून तेहतीसएक हजार प्रकाशवर्षांवर एका कड्यात एकवटलेले आहे. फॅरडे मोजणीनुसार ते कड्याभर एकाच दिशेने फिरते.

एनजीसी ६९४६, वृषपर्वा आणि हंस यांच्या सीमेवरची: तिच्यात सर्वांत सुसंगत क्षेत्र ताऱ्यांच्या भुजांवर नाही, भुजांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांत आहे. बेक आणि होअर्न्स यांनी १९९६ साली या चुंबकीय भुजा दाखवल्या. ताऱ्यांच्या भुजांत स्फोटांची खळबळ क्षेत्राला विस्कटते, हे एक कारण दिले जाते. पुरेसे आहे का, यावर अजून वाद चालू आहे.

＊

क्षेत्र विश्वाच्या आरंभापासून होते आणि दीर्घिकेच्या फिरण्याने फक्त गुंडाळले गेले, असे मानले तर? सूर्याला आकाशगंगेभोवती एक फेरी घालायला सुमारे २५ कोटी वर्षे लागतात. आतला भाग आणखी झपाट्याने फिरतो. आजवरच्या कित्येक फेऱ्यांत क्षेत्राचा पीळ इतका घट्ट व्हायला हवा होता की रेषा जवळजवळ वर्तुळाकार दिसल्या असत्या. प्रत्यक्षात त्या वर्तुळापासून बऱ्याचदा १० ते ३५ अंश ढळलेल्या असतात. काहीतरी क्षेत्राला सतत नव्याने घडवते आहे.

ते काहीतरी म्हणजे डायनॅमो. युजीन पार्कर यांनी १९५५ साली आणि जर्मनीत श्टेनबेक, क्राउझे, रेडलर यांनी १९६६ साली त्याचे गणित उभे केले. अतिनवताऱ्यांनी उसळलेला वायू दीर्घिकेच्या फिरण्यामुळे पीळ घेत वर येतो आणि क्षेत्राला वळसे घालतो. आतबाहेरच्या वेगातला फरक त्या वळशांना पुन्हा चकतीत ताणतो. या चक्रात क्षीण क्षेत्र वाढत जाते आणि वायूच्या खळबळीच्या तोलाचे झाले की थांबते. वायूच्या खळबळीची आणि क्षेत्राची ऊर्जा बरोबरीची का, याचे उत्तर इथे आहे.

या गणितातल्या अडचणींवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत कंदस्वामी सुब्रमणियन यांनी मोठे काम केले आहे. अक्सेल ब्रांडेनबुर्ग यांच्यासह २००५ साली त्यांनी लिहिलेला विस्तृत आढावा जगभरच्या विद्यार्थ्यांचा आधार आहे. निरीक्षणे खोडदला, सिद्धान्त आयुकात, अशी दोन्ही अंगे एका जिल्ह्यात असणे ही या विषयाच्या विद्यार्थ्यासाठी दुर्मीळ सोय आहे.

＊

डायनॅमो वाढवतो, पण शून्यातून वाढवत नाही. बीज लागते. १९५० साली लुडविग बिअरमान यांनी एक बीज सुचवले: आयनीभूत वायूत दाब आणि घनता यांचे उतार एका रेषेत नसतील, तर इलेक्ट्रॉन आणि आयन किंचित वेगळे पडतात, प्रवाह सुरू होतो आणि अगदी क्षीण क्षेत्र जन्मते. विश्वाच्या पहिल्या क्षणांतले क्षेत्र हे दुसरे संभाव्य बीज. पहिल्या ताऱ्यांच्या स्फोटांनी बाहेर फेकलेले क्षेत्र हे तिसरे. आजचे क्षेत्र इतके घुसळले गेले आहे की त्यावरून बीज ओळखता येत नाही. म्हणून जुने, दूरचे पाहावे लागते.

＊

दूरचे पाहणे. २०१७ साली सुई अ‍ॅन माओ आणि सहकाऱ्यांनी गुरुत्वीय भिंगाचा आधार घेतला. एका क्वेसारची, म्हणजे फार दूरच्या तेजस्वी स्रोताची, दोन प्रतिबिंबे मधल्या दीर्घिकेच्या दोन निरनिराळ्या भागांतून येतात. दोन्हींच्या फॅरडे फिरण्यातला फरक घेतला, की बाकीच्या वाटेचा हिस्सा कटतो आणि त्या दीर्घिकेचा उरतो. जवळपास पाच अब्ज वर्षांपूर्वीच्या त्या दीर्घिकेत मायक्रोगॉसच्या मापाचे सुसंगत क्षेत्र निघाले. २०२३ साली जेम्स गीच यांच्या गटाने चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने, धुळीच्या ध्रुवित प्रारणावरून, अकरा अब्ज वर्षांपूर्वीच्या एका दीर्घिकेत हजारो प्रकाशवर्षे पसरलेले शिस्तबद्ध क्षेत्र दाखवले. तेव्हा विश्वाचे वय अडीच अब्ज वर्षे होते. डायनॅमोला एवढ्या थोड्या काळात हे जमले असेल, तर तो आपल्या समजुतीपेक्षा वेगवान आहे, किंवा त्याला मिळालेले बीज बलवान होते. धुळीच्या रेषांना बाण नसतो, एवढे मात्र इथेही ध्यानात ठेवावे.

＊

कडेने दिसणाऱ्या दीर्घिकांत, उदाहरणार्थ एनजीसी ५७७५ मध्ये, क्षेत्राच्या रेषा चकतीतून वर निघून बाहेरच्या बाजूला कलतात. वर आणि खाली मिळून आकृती फुलीसारखी होते. दीर्घिकेतून बाहेर वाहणारा वायू क्षेत्राला सोबत नेत असावा. मग दीर्घिकांमधल्या पोकळीत जे क्षेत्र आहे, त्यातले काही अशा वाऱ्यांनी पेरलेले असेल.

＊

स्वतःची दीर्घिका मात्र अवघड. आपण तिच्या चकतीत आहोत, सगळे थर एकामागे एक येतात. २००९ साली टेलर, स्टिल आणि सनस्ट्रम यांनी ३७,५४३ दूरच्या स्रोतांच्या फॅरडे फिरण्याची यादी काढली, तेव्हा कुठे आकाशगंगेचा ढोबळ नकाशा उमटला. सूर्याजवळ क्षेत्र एका दिशेने जाते आणि थोडे आत, धनू भुजेच्या बाजूला, ते उलटते. इतर दीर्घिकांत अशी उलटापालट एवढी स्पष्ट दिसत नाही. आपली दीर्घिका वेगळी आहे, की इतरांकडे आपण पुरेसे बारकाईने पाहिलेले नाही?

उत्तर एसकेए या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीकडून अपेक्षित आहे. दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या, पश्चिम ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ छोटे अँटेना. बांधकाम डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. भारताने २०२४ च्या सुरुवातीला सुमारे १,२५० कोटी रुपयांचा सहभाग जाहीर केला. फॅरडे मोजणीचे स्रोत हजारांवरून लाखांवर जातील.

＊

वर्तमानपत्रांत दीर्घिकेच्या छायाचित्रावर क्षेत्राच्या रेषा काढलेले चित्र आता वरचेवर छापून येते. ते पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात. रेषा कोणत्या तरंगलांबीच्या आहेत, कारण त्यावरून चकतीतला कुठला थर दिसतो ते ठरते. त्या धुळीच्या आहेत की इलेक्ट्रॉनांच्या, कारण धूळ दाट गार ढगांतले क्षेत्र दाखवते आणि इलेक्ट्रॉन सगळीकडचे. आणि फॅरडे मोजणी जोडलेली आहे का, कारण तिच्यावाचून बाण काढता येत नाही. चित्राखालच्या चार ओळींत ही माहिती छापणे संपादकांना सहज जमेल, आणि वाचकांनी ती मागितली पाहिजे.